रशियन निसर्गचित्रांत अध्यात्म नेमकं कुठे बघायचं?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. तुम्ही एम.व्ही.ए.च्या (दृश्यकलेतल्या पदव्युत्तर पदवीच्या) प्रबंधासाठी साधारण १८७० ते १९१७ या काळातलं रशियन लँडस्केप घेतलंय, जिथे वाचावं तिथे गूढवाद, थिऑसॉफी (सगळ्या धर्मांमागे एकच गूढ ज्ञान आहे असं मानणारी चळवळ), ऑर्थोडॉक्स म्हणजे रशियन चर्चचं अध्यात्म असे शब्द येतात, आणि निसर्गचित्रकार लेवितानचं चित्र समोर घेऊन बसलं की आकाश, पाणी आणि कोपऱ्यात एक छोटं चर्च एवढंच दिसतं. मग हे अध्यात्म चित्रात आहे की लिहिणाऱ्यांच्या डोक्यात, असं तुम्ही विचारलंय. मी बरीच वर्षं लँडस्केप करतो आणि शिकवतोही, रशियन चित्रकार माझ्या अगदी जवळचे आहेत, त्यामुळे सविस्तर लिहितो.

खरी अडचण अशी आहे की एकमेकांशी फारसा संबंध नसलेल्या तीन गोष्टी एकाच गाठोड्यात बांधल्या गेल्यात. एक म्हणजे चर्चची, मठांची, संतचरित्रांची श्रद्धा, ती नेस्तेरोव्हमध्ये आहे. दुसरी म्हणजे कुठल्याही पंथाचं नाव नसलेली, निसर्गासमोर उभं राहिल्यावर येणारी धार्मिक भावना, ती लेवितानमध्ये आहे. आणि तिसरी म्हणजे पुस्तकं वाचून, मंडळांत जाऊन घेतलेली गूढविद्येची रीतसर मांडणी, ती रोरिख आणि कँडिन्स्कीकडे सापडते आणि ती बरीच नंतरची आहे. तिन्हींना एकच लेबल लावलं की चित्र बघायचं राहून जातं. तेव्हा उत्तर पुष्कळसं यावर अवलंबून आहे की तुम्ही कोणाचं, कुठल्या सालातलं चित्र घेताय, आणि ते मूळ बघितलंय की नुसतं स्क्रीनवर, कारण लेवितानचे राखाडी रंग स्क्रीनवर हमखास बिघडतात, कधी निळे होतात कधी जांभळे, आणि त्याच्या चित्रात सगळं काही त्या राखाडीवरच उभं असतं.

मी विद्यार्थ्यांना काय करायला लावतो ते सांगतो. चरित्र, पत्रं, समीक्षा सगळं बाजूला ठेवा आणि चित्राचं काडेपेटीएवढं थंबनेल काढा, पेन्सिलने, फक्त तीन टोनमध्ये, मग दुसरं काढा, मग तिसरं. काढताना स्वतःला विचारत राहा की बघणाऱ्याचा डोळा कुठे उभा आहे, जमिनीवर की हवेत, चित्रात पाय टाकायला जागा आहे का, उजेड कुठून येतोय आणि कशावर पडतोय, माणूस किंवा माणसाने बांधलेली वस्तू बाकीच्या पसाऱ्यात किती मोठी आहे. मला अनुभवाने वाटतं की लँडस्केपमधलं अध्यात्म असलंच तर या रचनेच्या निर्णयांत असतं, चर्चचा कळस दाखवला म्हणून चित्र आध्यात्मिक होत नाही, तसं असतं तर रशियातलं प्रत्येक गावाचं चित्र आध्यात्मिक झालं असतं, कारण कळस सगळीकडेच आहेत.

आता लेवितानची दोन चित्रं शेजारी ठेवा, ‘शांत मठ’ (१८९०) आणि ‘चिरशांतीच्या वर’ (१८९४). पहिल्यात तुमच्या पायाशी वाट आहे, ती नदीकडे जाते, पुढे लाकडाचा जुनापुराणा साकव आहे, पलीकडे झाडी आणि झाडीतून वर आलेले मठाचे घुमट, संध्याकाळचा उजेड. थंबनेल काढताना पेन्सिल आपोआप त्या वाटेने जाते, साकवावरून पलीकडे पोचते. म्हणजे चित्र तुम्हाला चालवतं. रशियन कथाकार चेखव्हने १८९५ च्या एका दीर्घकथेत हाच अनुभव लिहिलाय, नायिका प्रदर्शनात नदी, लाकडी पूल आणि पलीकडे जाणारी वाट असलेलं एक छोटं लँडस्केप बघते आणि तिला आपण त्या वाटेने चालत पुढेपुढे जातोय असं वाटायला लागतं. चेखव्ह लेवितानचा जवळचा मित्र होता, त्याला ही चित्रं काय करतात ते आतून माहीत होतं.

दुसऱ्या चित्रात ही सगळी सोय काढून घेतलीय. कॅनव्हास मोठा, १५० बाय २०६ सेंटिमीटर, आणि त्यातला बहुतेक भाग आकाश आणि तळ्याचं पाणी यांनीच खाल्लाय. आपण उंचावर आहोत, पण पायाखाली नक्की काय आहे ते कळत नाही. खाली जमिनीचं एक टोक पाण्यात शिरलंय, त्याच्यावर लाकडी चर्च, मागे वाऱ्याने वाकलेली झाडं आणि कलंडलेले क्रूस असलेलं कब्रस्तान. माणूस नाही. फक्त चर्चच्या खिडकीत एक बारीकसा दिवा. हे थंबनेल केलंत की लगेच एक जाणवेल, माणसाचं म्हणून जे काही आहे ते सगळं कोपऱ्यातल्या छोट्याशा आकारात मावतं आणि उरलेल्या सगळ्याला आपल्याशी काही देणंघेणं नाहीये. आणि तरी तो दिवा काढून थंबनेल केलं तर चित्र मरतं. अगदी करून बघा, एक ठिपका पुसायचा, बाकी काही नाही. माझ्या मते लेवितानचं सगळं अध्यात्म त्या ठिपक्याच्या आणि त्या ढगांच्या मापाच्या फरकात आहे, आणि हे सांगायला मला ना थिऑसॉफी लागते ना चर्चचं धर्मशास्त्र.

हे चित्र जागेवर बसून जसंच्या तसं उतरवलेलं नाही हेही लक्षात घ्या. तळं त्वेर प्रांतातल्या उदोम्ल्याचं आहे, तिथे तो १८९३ मध्ये होता, पण चर्च तिथलं नाही, ते व्होल्गाकाठच्या प्ल्योस गावातलं, आधीच्या एका स्टडीवरून घेतलेलं. म्हणजे त्याने दोन जागा जोडून एक अशी जागा तयार केली जी कुठेच नव्हती. आपण आउटडोअरला गेलो की समोर आहे ते उतरवतो, झाड इकडचं तिकडे केलं तरी मन खातं, आणि इथे हा माणूस चर्चच उचलून दुसऱ्या तळ्याकाठी नेऊन ठेवतो. कशासाठी? त्याला जे म्हणायचं होतं त्यासाठी ना ते तळं पुरेसं होतं ना ते चर्च. अध्यात्माचा पुरावा तुम्हाला हवा असेल तर असे निर्णय शोधा, ते तुमच्या प्रबंधात कोणीही खोडू शकणार नाही.

मग चरित्राकडे या, आधी नको. लेवितान ज्यू होता, आताच्या लिथुआनियातल्या किबार्ताय या गावात १८६० मध्ये जन्मलेला, आणि ज्यू म्हणून त्याला मॉस्कोतून दोनदा बाहेर काढलं गेलं, १८७९ ला आणि परत १८९२ ला, म्हणजे नावारूपाला आल्यावरसुद्धा. ऑर्थोडॉक्स मठ आणि घंटानाद ज्याने सगळ्यात जास्त मनापासून रंगवले तो स्वतः त्या चर्चचा नव्हता. त्यामुळे ‘रशियन ऑर्थोडॉक्स आत्मा’ वगैरे वाक्यं लेवितानबद्दल लिहिताना दहा वेळा विचार करा. १८८७ मध्ये व्होल्गावरून त्याने चेखव्हला पत्र लिहिलंय, त्याचा आशय असा की भोवतालचं अथांग सौंदर्य जाणवावं, प्रत्येक गोष्टीत देव दिसावा आणि आपल्याला ते व्यक्त करता येऊ नये यापेक्षा दुःखद काय असणार. आणि ‘चिरशांतीच्या वर’बद्दल त्याने चित्रसंग्राहक त्रेत्याकोव्हला कळवलं होतं की या चित्रात मी सगळाच्या सगळा आहे. हे शब्द निसर्गात देव बघणाऱ्या माणसाचे आहेत, पण त्यात संप्रदाय नाही, विधी नाही, आणि दिलासाही फारसा नाही.

एक धोका इथेच सांगून टाकतो. त्याचंच ‘व्लादिमिर्का’ (१८९२) घ्या. सपाट मैदान, ढगाळ आकाश, दूरवर जाणारा मातीचा रस्ता, वाटेकडेचा छोटा क्रूसस्तंभ आणि एक यात्रेकरू बाई. याच रस्त्याने बेड्या घातलेले कैदी सैबेरियाकडे चालत जायचे. हे माहीत असलेल्याला चित्र बघून गलबलून येतं आणि माहीत नसलेल्याला तो नुसता एक शांत रस्ता दिसतो, खुद्द लेवितानलाही आधी तो रस्ता नुसताच आवडला होता आणि कुठला रस्ता ते मागून लक्षात आलं. म्हणजे काही अर्थ रचनेतून येतो आणि काही बघणाऱ्याच्या माहितीतून येतो. दोन्ही खरे आहेत पण प्रबंधात वेगवेगळे लिहा.

नेस्तेरोव्हची गोष्ट पूर्ण वेगळी. ‘बाल बार्थोलोम्यूला झालेलं दर्शन’ (१८८९–९०) मध्ये विषयच संतचरित्रातला आहे, घोडे शोधायला निघालेल्या मुलाला झाडाखाली प्रार्थना करणारा एक वृद्ध साधू भेटतो, तोच मुलगा पुढे संत सेर्गियस होतो. पण तुम्ही लँडस्केपवर काम करताय तर आकृत्यांवर बोट ठेवून मागे बघा. मॉस्कोजवळच्या आब्राम्त्सेव्हो परिसरातला शरद ऋतूतला देखावा आहे, काटकुळी झाडं, पिवळटलेलं गवत, मागे लाकडी चर्चचे निळे घुमट, आणि सगळ्यावर एकसारखा, सावल्या जवळजवळ नसलेला उजेड. आपल्याला लँडस्केप शिकवताना पहिल्यांदा सांगतात की सूर्य कुठे आहे ते ठरवा. इथे सूर्य कुठेच नाही. जवळची वाळकी काडी आणि लांबचं झाड दोन्ही सारख्याच प्रेमाने रंगवलंय. साधूच्या डोक्यामागचं तेजोवलय झाकलंत तरी त्या जमिनीवर काहीतरी घडणार आहे असं वाटत राहतं, आणि हे मला फार मोठं वाटतं.

ते वलय त्या काळी किती खुपलं बघा. १८९० मध्ये हे चित्र पेरेद्विझ्निकी मंडळाच्या, म्हणजे गावोगाव प्रदर्शनं नेणाऱ्या वास्तववादी चित्रकारांच्या प्रदर्शनात लागलं तेव्हा स्तासोव्हसारख्या वजनदार समीक्षकाने आणि आणखी काही जणांनी त्रेत्याकोव्हला गाठून सांगितलं की हे गूढ प्रकरण घेऊ नका, आणि त्रेत्याकोव्ह म्हणाला मी आधीच घेतलंय आणि घेतलं नसतं तर आज घेतलं असतं. आणखी एक गोष्ट, जी ‘अस्सल रशियन’ म्हणणारे सोडून देतात. हे चित्र करायच्या आधी नेस्तेरोव्ह पॅरिसला जाऊन आला होता, तिथे त्याने प्युव्ही द शाव्हानची भित्तिचित्रं बघितली आणि बास्तियाँ-लपाजचं जोन ऑफ आर्क बघितलं, साध्या परसबागेत साक्षात्कार झालेली मुलगी. साध्या जमिनीवर दर्शन घडवायची युक्ती त्याला तिथे दिसली. त्याने श्रद्धा कमी होत नाही, पण प्रभाव म्हणून लिहायचं तर दोन्ही लिहावं लागेल.

आता आयकॉनचा, म्हणजे ऑर्थोडॉक्स चर्चमधल्या लाकडी फळीवरच्या पवित्र चित्रांचा मुद्दा, कारण तुम्ही विचारलंय की आयकॉनच्या रंगांचा परिणाम दाखवता येईल का. सालं बघून दाखवा. एकोणिसाव्या शतकात जुने आयकॉन बहुतेक काळवंडलेले होते, वरचा तेलाचा थर काळा पडलेला, त्याच्यावर पुढच्या पिढ्यांनी परत रंगवलेलं आणि वर धातूचं आवरण. जुन्या आयकॉनकार रुब्ल्योव्हची ‘त्रिमूर्ती’ साफ करायला सुरुवात झाली १९०४ मध्ये, आणि जुन्या कलेचं ते मोठं प्रदर्शन मॉस्कोत लागलं १९१३ मध्ये, तिथे लोकांनी ते लखलखीत रंग पहिल्यांदा एकत्र बघितले. लेवितान १९०० मध्ये गेला. धर्मचिंतक फ्लोरेन्स्कीचा उलट्या पर्स्पेक्टिव्हवरचा (आयकॉनमध्ये लांबची गोष्ट लहान न होता मोठी होत जाते त्यावरचा) निबंध तर १९१९ चा. तेव्हा १८९० च्या चित्रांवर आयकॉनचे रंग आणि उलटं पर्स्पेक्टिव्ह लावायचं म्हणजे ज्याने जे बघितलंच नाही त्याचा प्रभाव सांगायचा. नेस्तेरोव्हचं थोडं निराळं आहे, त्याने कीव्हच्या व्लादिमिर कॅथेड्रलमध्ये वास्नेत्सोव्हबरोबर भिंती रंगवल्या, चर्चचं काम जवळून केलं. आणि १९१३ नंतरचं काही घेतलंत तर आयकॉनबद्दल बिनधास्त लिहा.

थिऑसॉफीलाही हीच सालांची कसोटी लावा. रशियन थिऑसॉफिकल सोसायटीची पीटर्सबर्गला नोंदणी झाली १९०८ मध्ये. त्याआधी लोकांना काहीच माहीत नव्हतं असं नाही, आणि इथे आपल्याकडचा एक धागा येतो. थिऑसॉफी सुरू करणाऱ्यांपैकी ब्लाव्हाट्स्की बाई १८७९ ते १८८२ मुंबईत, सुरुवातीला गिरगावात, राहत होत्या आणि तिथूनच त्या मॉस्कोच्या वर्तमानपत्रासाठी रशियनमध्ये प्रवासपत्रं लिहायच्या, त्यात मुंबई आहे, कार्ल्याची लेणी आहेत. म्हणजे रशियन वाचकाला त्या आधी भेटल्या त्या कार्ल्याचं वर्णन करणाऱ्या लेखिका म्हणून. पण वर्तमानपत्रातली रंजक पत्रं वाचणं वेगळं आणि त्या विचारावर चित्राची रचना उभी करणं वेगळं, ते दुसरं दिसायला विसाव्या शतकात यावं लागतं.

ते कसं घडलं हे समजायला निसर्गचित्रकार कुइंजीपासून सुरुवात करा. १८८० मध्ये त्याने पीटर्सबर्गला ‘नीपरवरची चांदणी रात्र’ हे एकच चित्र घेऊन प्रदर्शन लावलं, खिडक्यांना पडदे, खोलीत अंधार, चित्रावर दिव्याचा प्रकाश. चित्रामागे दिवा लपवलाय का म्हणून लोक मागे जाऊन बघायचे. कुइंजीला मी गूढवादी म्हणणार नाही, त्याचा रस प्रकाश आणि रंग एकमेकांवर काय करतात यात होता, रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्हशी त्याची मैत्री होती. पण अंधाऱ्या खोलीत एका उजेडासमोर गप्प उभं राहायची सवय त्याने प्रेक्षकाला लावली, आणि तपशील गाळून मोठमोठे सपाट आकार ठेवायची सवय विद्यार्थ्यांना लावली. त्या विद्यार्थ्यांतला एक निकोलाय रोरिख.

रोरिखकडे मात्र पुरावाच पुरावा आहे. १९०५ पासून त्याच्या कामात भारतीय विषय येतात, पीटर्सबर्गच्या बौद्ध मंदिराच्या बांधकाम समितीवर तो होता, पत्नी हेलेनाने पुढे ब्लाव्हाट्स्कींच्या मुख्य ग्रंथाचं रशियन भाषांतर केलं. त्याचं ‘आकाशातलं युद्ध’ (१९१२) घ्या आणि ‘चिरशांतीच्या वर’च्या शेजारी ठेवा. दोन्हीकडे प्रचंड आकाश, खाली छोटीशी वस्ती. पण लेवितानचे ढग हे हवामान आहेत, ते निघून जातील, त्यांना आपण दिसतही नाही. रोरिखचे ढग एकमेकांवर चालून जातात, तिथे खरोखर काहीतरी चाललंय आणि ते खालच्या झोपड्यांतल्या लोकांसाठी महत्त्वाचं आहे. एकाच मांडणीतून दोन वेगळ्या श्रद्धा. माझ्याकडे तुमच्या प्रश्नाचं सगळ्यात छोटं उत्तर मागितलंत तर मी ही दोन चित्रं पुढे करेन. फक्त हिमालयाची चित्रं यात मिसळू नका, रोरिख मुंबईत उतरला डिसेंबर १९२३ मध्ये, ती चित्रं आणि त्यांच्यामागचा अग्नियोग (रोरिख दांपत्याची नंतरची आध्यात्मिक शिकवण) तुमच्या काळाच्या बाहेर आहे आणि तो चष्मा लावून १९१२ चं चित्र बघितलं की गडबड होते.

कँडिन्स्कीबद्दल पटकन सांगतो, त्याच्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. १८८९ मध्ये वोलोग्दा भागात फिरताना रंगवलेल्या शेतकरी घरांत शिरल्यावर आपण चित्रातच शिरलो असं त्याला वाटलं होतं, आणि १९०८ नंतरच्या, जर्मनीतल्या मुर्नाउ गावाच्या लँडस्केपमध्ये डोंगर, घर, चर्च हळूहळू रंगाचे डाग होत जातात. कलेतल्या आध्यात्मिकतेवरचं त्याचं पुस्तक १९११ च्या अखेरीस आलं, त्यात ब्लाव्हाट्स्कींचं नाव आहे. सिम्बॉलिस्ट (प्रतीकवादी) मंडळी, म्हणजे बोरिसोव्ह-मुसातोव्ह, १९०७ चं ‘ब्लू रोज’ प्रदर्शन, पावेल कुझ्नेत्सोव्हची स्टेपमधली (गवताळ मैदानांतली) मृगजळं, ही एका प्रकरणात घ्या, पण त्यांच्यात स्वप्नाळूपणा किती आणि गूढ श्रद्धा किती हे प्रत्येक चित्रागणिक तपासावं लागेल, सरसकट बोलता येणार नाही.

आणि शिश्किनला वगळू नका. त्याला सगळे जंगलाचा फोटो काढणारा म्हणून सोडून देतात, पण धान्याच्या शेताच्या एका स्केचवर त्याने स्वतःच्या हाताने लिहिलंय, मोकळं रान, विस्तार, राय (हे धान्य), देवाची कृपा, रशियाची संपत्ती. सोव्हिएत काळात हे सगळे चित्रकार वास्तववाद आणि देशप्रेम या दोनच खणांत बसवले गेले, धार्मिक बाजू मागे ढकलली गेली, आणि १९९१ नंतर लंबक उलटा गेला, प्रत्येक बर्च झाडात आत्मा दिसायला लागला. तुम्ही वाचताय ते लिखाण कुठल्या काळातलं आहे ते आधी बघा, निम्मा गोंधळ तिथेच मिटेल.

आता प्रबंधाचं. रशियन वाचता येत असेल तर पत्रव्यवहारात शिरा, येत नसेल तर विषय रचनेपुरता ठेवा, तोही पुरेसा भक्कम होतो. मी असतो तर सहाच चित्रं घेतली असती, ‘शांत मठ’, ‘चिरशांतीच्या वर’, नेस्तेरोव्हचं दर्शन, कुइंजीची चांदणी रात्र, रोरिखचं आकाशयुद्ध आणि मुर्नाउचं एखादं, आणि प्रत्येकाची थंबनेलं प्रबंधात छापली असती. तुमच्या गाइडना थिऑसॉफी हवीच असेल तर १९०८ ही सीमारेषा धरून दोन भाग करा, पहिल्या भागात श्रद्धा आणि दुसऱ्यात गूढविद्या, म्हणजे वाद उरणार नाही. मूळ बघायचं तर लेवितान, नेस्तेरोव्हसाठी मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह गॅलरीला पर्याय नाही, पण रोरिखची मूळ चित्रं भारतातच आहेत, कुलूजवळच्या नग्गरला, बंगळुरूच्या चित्रकला परिषदेत, अलाहाबाद संग्रहालयात. ती नंतरच्या काळातली असली तरी एकदा जाऊन समोर उभे राहा, टेम्पेराचा (तेलाऐवजी अंड्यासारख्या माध्यमात कालवलेल्या रंगाचा) तो मॅट, कोरडा पृष्ठभाग फोटोत कळतच नाही, आणि १९१२ च्या चित्रातले ढग इतके घट्ट, वजनदार का दिसतात त्याचं अर्धं कारण त्या माध्यमात आहे. थंबनेलं झाली की इथे टाका, त्यावर पुढे बोलू.